राहिलेल्या दोन हाका

१

दर रविवारी सकाळी दहाच्या सुमारास रायनरसाहेब छात्रालयाच्या पायऱ्या चढून यायचे आणि आल्या आल्या आमच्या एकोणीस पोरांना श्वास घ्यायला शिकवायचे.

श्वास घ्यायला शिकवण्यासाठी थेट जर्मनीहून माणूस यावा लागतो, हे मला सुरुवातीला काही पटलं नव्हतं. आमची पोरं जन्मल्यापासून तो फुकटात घेत होती. पण साहेब त्यांना पडवीत ओळीनं उताणं झोपवायचे, प्रत्येकाच्या पोटावर त्याची त्याची पाटी ठेवायचे आणि हात वर करायचे. हात वर गेला की एकोणीस पाट्या वर यायला हव्यात, खाली आला की एकदम खाली. एखादी पाटी मागे राहिली की साहेब वाकून अतिशय नम्रपणे म्हणायचे, "चांगू, तुम्ही श्वास घेतला नाहीत. तुम्ही नुसते जिवंत राहिलात."

साहेब सगळ्यांनाच 'तुम्ही' म्हणत. पोरांना, मला, आमच्या स्वयंपाकीण साळूबाईला आणि तिच्या मांजरालाही.

हे सगळं १९५९ सालचं. पोलादपुराहून उमरठच्या वाटेला लागलं की एका खोल घळीच्या काठावर आमचं छात्रालय होतं. मी तिथला गुरुजी, रावजी मोरे. सकाळी गणित, दुपारी भूगोल, संध्याकाळी पेटीवर प्रार्थना. पेटीचा भाता फाटला म्हणून ती पाठीवर टाकून महाडच्या बाजारात गेलो होतो, तिथे हे गृहस्थ भेटले. कशेडी घाटाच्या रुंदीकरणावर खडक फोडायची यंत्रं होती, त्यांची दुरुस्ती साहेब करत. बिऱ्हाड महाडातच. त्यांनी तिथल्या तिथे भाता शिवून दिला, पैसे घेतले नाहीत आणि विचारलं, "तुमच्याकडे मुलं आहेत? गाणारी?"

मुलं आहेत, म्हटलं. गाण्याचं आपण बघा.

२

साहेबांकडे चावीचा एक ग्रामोफोन होता आणि एकच तबकडी. त्यांच्या गावच्या देवळातल्या मुलांच्या गायनवृंदाची. आमची पोरं त्याला सरळ 'साहेबाचा मेळा' म्हणू लागली आणि साहेबांनाही तो शब्द आवडला.

"हा मेळा किती वर्षांचा?" मी विचारलं होतं.

"पाचशे."

"आणि गाणाऱ्यांचं वय?"

"बारा," साहेब म्हणाले. "पाचशे वर्षं बाराच."

मग त्यांनी समजावून सांगितलं. पोरं तिथेच राहतात, तिथेच शिकतात. पहाटे सहाला तालीम, शाळेनंतर पुन्हा तालीम. प्रत्येकाची रांगेतली जागा ठरलेली असते. एक दिवस पोराचा आवाज फुटतो. मग त्याला मागे मोठ्यांच्या रांगेत उभं करतात आणि त्याच्या जागी नवं पोर येतं. पोरं बदलतात. आवाज तोच.

"माझा आवाज गाणं चालू असतानाच फुटला," साहेब म्हणाले. "मास्तरांनी खांद्यावर हात ठेवून मला मागे नेलं. मी गेलो. पण आवाज तिथेच राहिला. पुढच्या रांगेत, डावीकडून तिसरा. मला मागून ऐकू येत होता."

साहेबांचं मराठी आमच्यासारखं नव्हतं. लढाईच्या काळात शत्रूचा माणूस म्हणून इंग्रजांनी त्यांना मुंबईतल्या नोकरीवरून उचललं आणि साताऱ्याच्या छावणीत डांबलं. तिथल्या आचाऱ्याकडून शिकलेलं ते मराठी. त्यामुळे त्यांचं काही बोलणं जसंच्या तसं घ्यायचं नसतं, असं मी धरून चाललो होतो.

त्यांच्या मेळ्यात आणखी एक चाल होती. एखादं पोर दगावलं, तर वर्षभर त्याची जागा भरत नसत. रांगेत खांद्याएवढी फट ठेवायची आणि तसंच गायचं. लढाईच्या शेवटच्या थंडीत ते गाव बाँबच्या आगीत जळालं. साहेब तेव्हा साताऱ्याला तारेच्या आत. सात महिन्यांनी पत्र आलं.

"आता सगळी रांगच रिकामी," ते म्हणाले.

तबकडीवर गाणं सुरू व्हायच्या आधी, सुईची खरखर संपते तिथे, पोरांनी मिळून घेतलेला श्वास ऐकू येतो. साहेब कधी कधी तेवढाच वाजवायचे. सुई उचलायची, पुन्हा तिथेच ठेवायची. मला त्यांचं फार वाईट वाटे. मी साळूबाईला चहा टाकायला सांगायचो.

३

साहेबांच्या देवळात निम्मा मेळा एका सज्ज्यात उभा राही, निम्मा समोरच्या. इकडच्यांनी गाऊन विचारायचं, तिकडच्यांनी गाऊन उत्तर द्यायचं. आमच्याकडे सज्जे नव्हते, घळ होती. अलीकडे छात्रालयाचं अंगण, पलीकडे एक सपाट कातळ, आणि मध्ये पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, ये-जा करायला लाकडी साकव. साहेबांनी घळ बघितली आणि लहान पोरासारख्या टाळ्या वाजवल्या. चाल त्यांनी बांधली, शब्द माझ्या गळ्यात टाकले. मी पेटीशी बसल्या बसल्या दोन ओळी लिहून दिल्या. इकडचे विचारणार,

*डोंगरापल्याड कोण रे हाय?*

आणि पलीकडून उत्तर येणार,

*मी हाय दादा, येऊ का नाय?*

पहिल्या तालमीला नऊ पोरं पलीकडे गेली. इकडच्या दहांनी झकास विचारलं. पलीकडचे चिडीचूप. साहेबांनी पुन्हा हात केला, पुन्हा तेच. कातळावर नऊ जण तोंडं मिटून उभे.

मी साकवावरून ओरडत गेलो, तर कुशाबा नावाचा थोराड पोर म्हणाला, "गुरुजी, येका हाकेला ओ देत नायत."

ही आमच्या डोंगरातली रीत. वाड्यावाड्यांतून माणसं एकमेकांना घळीपलीकडून हाका मारतात. माणूस असेल तर तीनदा हाक मारतो. जे माणूस नाही, ते एकदाच मारतं. म्हणून तिसरी हाक ऐकल्याशिवाय ओ द्यायची नाही. दिली तर ते नेतं.

साहेबांना हे सांगताना मला लाज वाटली, पण ते अजिबात हसले नाहीत. "मग तीनदा विचारू," म्हणाले. "अधिक सुंदर." आणि खरंच ते सुंदर झालं. पहिल्यांदा हळू, दुसऱ्यांदा मोकळं, तिसऱ्यांदा भरघोस, आणि मग पलीकडून उत्तर.

चडफडलो तो मीच. स्वराज्य येऊन बारा वर्षं झाली, मी पोरांना पृथ्वीची गती शिकवतो आणि ही पोरं भुतापुढे मान तुकवतात! त्यात चांगू सगळ्यांत भित्रा. दहा वर्षांचा, माझ्याच कुडपण गावचा, आवाज इतका स्वच्छ की साहेब त्याला पुढे, डावीकडून तिसरा उभा करत. हे पोर मला फार लाडकं होतं, सांगायला हरकत नाही. मी त्याची भीती काढायचं मनावर घेतलं. तो विहिरीवर असो की पडवीत, मी लपून त्याला एकदाच हाक मारायचो. ओ दिली की गुळाचा खडा. पंधरा दिवसांत चांगू एका हाकेला टणटणीत ओ द्यायला लागला.

मला कोण अभिमान वाटला होता.

४

सप्टेंबरातल्या एका रविवारी पऱ्या फुगला होता. साकवाच्या फळ्या शेवाळल्या होत्या, म्हणून मी कुणाला पलीकडे जाऊ दिलं नाही. एकोणीसच्या एकोणीस पोरं अंगणात. वेळ सकाळी अकराची, लख्ख उजेड, साळूबाई चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. भिण्यासारखं तिथे काही म्हणजे काही नव्हतं.

साहेबांनी नुसती प्रश्नाची ओळ घेतली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मग सवयीनं उत्तराएवढा वेळ हात हवेत धरून थांबले.

पलीकडून उत्तर आलं.

*मी हाय दादा, येऊ का नाय?*

एकच आवाज. कोवळा, सुरात, जरा दमलेला. 'दा' आणि 'दा' यांच्या मध्ये त्यानं एक छोटा श्वास घेतला.

"प्रतिध्वनी," मी लगेच म्हणालो. कुणी विचारलंही नव्हतं.

साहेबांचा हात अजून वरच होता. "प्रतिध्वनी आपलंच बोलतो, गुरुजी," ते हळूच म्हणाले. "हा पुढचं बोलला."

मग गुराखी असणार. तीन महिने ऐकून ऐकून त्याला गाणं पाठ झालं, यात नवल ते काय? दुपारी पाणी ओसरल्यावर मी स्वतः पलीकडे गेलो. कातळाभोवती गुडघाभर गवत होतं आणि ते सगळं उभं होतं. शेणाचा पो नाही, खुराचा ठसा नाही. मी तिथे बराच वेळ थांबलो. गुराखी कातळावरच उभा राहिला असेल असं कुठे आहे, असा विचार करत परत आलो. मग हाताला काम हवं म्हणून पोरांच्या वह्या तपासायला घेतल्या. सात बेरजा मीच चुकीच्या तपासल्या.

५

पुढच्या रविवारी साहेबांनी पुढच्या रांगेत चांगू आणि कुशाबा यांच्यात खांद्याएवढी फट ठेवली.

"कुणासाठी?" मी विचारलं.

"त्याचा आवाज मेळ्यात आहे," साहेब म्हणाले. "जागा नको?"

म्हाताऱ्या मनाचा चाळा म्हणून मी ते सोडून दिलं. पण मग मंगळवारी साळूबाई कमरेवर हात ठेवून माझ्यापुढे उभी राहिली. "गुरुजी, ह्या पोरांना काय सांगताव काय? पंगतीला बसताना रोज मधी जागा सोडतात. मी सरका म्हनलं तर सरकत नायत."

मी जाऊन बघितलं. चांगू, मग एका पाटाएवढी मोकळी जमीन, मग कुशाबा. वर्गात जाताना रांगेतही तसंच. प्रार्थनेलाही तसंच. पोरं कुणी कुजबुजत नव्हती, घाबरलेलीही दिसत नव्हती. घरात पाहुणा झोपला असेल तर आपण जसे जपून वावरतो, तशी ती त्या फटीभोवती वावरत होती. पोरं नकला करतात, मी स्वतःला सांगितलं.

शुक्रवारी दुपारी जेवणं झाल्यावर चांगू माझ्या खोलीच्या दारात आला.

"गुरुजी, मला हाक मारलीत?"

"नाही रे."

"आता, घळीकडून. येकदाच." त्यानं गुळासाठी हात अर्धवट पुढे केला होता. "मी ओ दिली."

"माझाच आवाज होता कशावरून?"

चांगूनं जरा विचार केला. त्याला नेमकं सांगायचं होतं. "तुमचाच हुता. पन ल्हानपनचा."

मी त्याला गूळ दिला. दुसरं काय करणार? आणि दरडावून सांगितलं की यापुढे एका हाकेला ओ द्यायची नाही, तिसरीपर्यंत थांबायचं. तो माझ्याकडे टकमक बघत राहिला. पंधरा दिवस मीच त्याला उलट शिकवलं होतं आणि वर बक्षीस दिलं होतं. आता त्यानं कुठलं खरं धरावं?

६

माझा भुतांवर विश्वास का नाही, ते आता सांगायला हवं.

आमचं कुडपण पठारावर आहे. त्याच्या कड्यावरून हीच घळ सुरू होते आणि खाली छात्रालयापर्यंत येते. १९२८ सालच्या भाद्रपदात मी चौदा वर्षांचा होतो आणि माझा भाऊ भिकू दहाचा. लहानपणी त्याला डांग्या खोकला झाला होता. तेव्हापासून 'दादा' म्हणताना त्याचा श्वास मध्येच तुटायचा. दा-दा. मी त्याला फार चिडवायचो.

आम्ही गुरं घेऊन पठारावर होतो. धुकं असं की पुढचं जनावर दिसत नव्हतं. मला गंमत सुचली. घळीच्या तोंडाला वळसा घालून मी पलीकडे गेलो, एका धोंडीमागे बसलो आणि त्याला हाक मारली. एकदाच. तो घाबरेल, रडेल, मग मी हसत बाहेर येईन, असा बेत.

त्यानं आवाज ओळखला. "ओ दा-दा!" म्हणाला, आणि आवाजाच्या दिशेनं सरळ धावत सुटला. आमच्या दोघांच्या मध्ये कडा होता.

तो सापडला नाही. चार दिवस माणसं घळीत उतरत होती. मी घरी सांगितलं की कुणीतरी एकदाच हाक मारली आणि भिकूनं ओ दिली. सगळ्यांना ते लगेच पटलं. त्यानंतर आमच्या भागातली ही रीत आणखी कडक झाली. आया लेकरांना भिकूची गोष्ट सांगू लागल्या.

म्हणून मी म्हणतो, भूत नसतं. त्या दिवशीचं भूत मीच होतो. पुढच्याच वर्षी माझा आवाज फुटला.

७

दोन ऑक्टोबरला सकाळी आठ वाजता गांधीजयंतीचा कार्यक्रम होता. पोलादपूरची मंडळी यायची होती, आदल्या संध्याकाळी पावसानं झोडपलं होतं आणि सकाळी धुकं अंगणापर्यंत चढून आलं होतं. साकवाच्या मधल्या दोन फळ्या वाहून गेल्याचं मला पहाटेच कळलं. पोरांना बजावलं की पलीकडे कुणी जायचं नाही, उत्तर द्यायला नऊ जण मागच्या पडवीत उभे राहतील.

पावणेआठला साहेबांनी रांग लावली. पुढच्या रांगेत कुशाबाच्या बाजूला एकाऐवजी दोन जणांची जागा मोकळी होती.

"चांगू कुठाय?"

"गेला की," कुशाबा म्हणाला. "तुमीच हाक मारलीत न्हवं?"

"किती वेळा?"

कुशाबाचं तोंड उतरलं. "येकदाच."

मी धावलो. घळीच्या काठावर आलो तेव्हा साकवाचा अलीकडचा खांब तेवढा दिसत होता. पुढे पांढरं. खाली पऱ्या गर्जत होता. त्या आवाजातून पलीकडून एक हाक आली.

नाव काही ऐकू आलं नाही, ते धुक्यात विरलं. पण हाक ऐकली. चौदा वर्षांच्या पोराची, लांबवलेली, आणि शेवटी दाबून धरलेलं हसू.

आपला आवाज आपल्याला ओळखू येत नाही म्हणतात. मला आला. एकतीस वर्षं तो धोंडीमागेच बसून होता, एकच हाक मारत होता आणि हसू दाबत होता. त्याला ठाऊकच नव्हतं की पुढे काय झालं.

साकवावर कुठेतरी फळी करकरली. आवाजावरून चांगू मध्य ओलांडून पलीकडे निघालेला होता. मी ओरडलो तर दचकेल, मागे धावला तर त्या दोन फळ्यांच्या जागी खाली जाईल. त्याला सावकाश हाक मारावी म्हणून मी तोंड उघडलं, आणि तोंडातून आलं ते दुसरंच नाव.

"भिकूऽऽ"

पहिली हाक एकतीस वर्षांपूर्वीच झाली होती. ही दुसरी. फळी करकरायची थांबली. मी दोन्ही हात खांबाला धरले आणि तिसरी हाक मारली. माझ्या या जाड, खडू खाल्लेल्या आवाजात, पण पूर्ण.

"भिकूऽऽ"

पऱ्या खाली होताच, पण मला तो ऐकू येईनासा झाला. मग साकवावरून, पलीकडून नव्हे, साकवावरूनच, अगदी जवळून, एक लहान आवाज आला. गात नव्हता. विचारत होता.

"मी हाय, दा... दा. येऊ का नाय?"

खरं सांगतो, मला पळून जावंसं वाटलं. नाही म्हणावंसं वाटलं. पण त्या धुक्यात माझा चांगू होता. आणि त्या दिवशी जे बोलायला हवं होतं ते मला इतकी वर्षं पाठ होतं.

"ये रे," मी म्हणालो. "पन हलू ये. पाय बघून टाक. घाई नाय. मी हितंच हाय, कुटं जात नाय."

पावलं वाजू लागली. मी ती मोजली नाहीत. फळ्या नव्हत्या तिथे ती थांबली, बाजूच्या ओंडक्यावर गेली, पुन्हा फळीवर आली. मग धुक्यातून चांगू बाहेर आला. भिजलेला, शांत. त्याचा एक हात बाजूला, कमरेच्या उंचीवर धरलेला होता. मोठं पोर धाकट्याचा हात धरून त्याला वाटेनं आणतं, तसा. त्या हाताच्या पलीकडे धुकं होतं. थोडं दाट होतं, एवढंच मी सांगेन.

"फळी कुटं नाय ते ह्येला ठाव हुतं," चांगू म्हणाला. मग त्यानं तो हात माझ्याकडे केला. "धरा, गुरुजी."

चांगूला मी उजव्या हाताला घेतलं. त्याचा हात ऊन होता. डावा हात मी पुढे केला आणि डोळे मिटले. गार होतं. लहान होतं. घट्ट धरलेलं होतं.

तसाच मी अंगणापर्यंत आलो. कुशाबा थोडा सरकला. चांगू आपल्या जागेवर गेला आणि माझा डावा हात मोकळा झाला. साहेब माझ्या तोंडाकडे बघत नव्हते, त्या हाताकडे बघत होते. मग त्यांनी आपले दोन्ही हात वर केले आणि सगळ्यांनी श्वास घेतला.

त्या सकाळी तिसऱ्या विचारण्यानंतर घळीकडून उत्तर आलं नाही. पडवीतल्या नऊ जणांनी गायलं, आणि पुढच्या रांगेतूनही कुणीतरी गायलं. पोलादपूरची मंडळी म्हणाली, छान बसवलंय. साहेब रुमालात तोंड धरून कितीतरी वेळ विहिरीपाशी उभे होते. मी जवळ गेलो तर म्हणाले, "तुमचा आला, गुरुजी. चांगलं झालं. फार चांगलं झालं."

८

दुसऱ्या दिवशी मी कुडपणला गेलो. एकटाच, सकाळच्या उजेडात. माझी आई, प्रयागबाई, दारात नाचणी पाखडत बसली होती. पंच्याहत्तरीची झाली होती, पण सूप अजून तिचं तिलाच लागे. मी पायरीवर बसलो. पाणी प्यायलो. मग म्हणालो, "आये, भिकूला हाक मारली ती मी. भूत नव्हतं. माझी हाक हुती ती."

सूप थांबलं नाही.

"ठाव हाय," ती म्हणाली.

"काय ठाव हाय?"

"मी गोठ्यात हुते. ऐकली की. माज्या पोराचा आवाज मी वलखनार नाय?"

"मग इतकी वर्सं बोलली नायस?"

"येक गेला हुता," आई म्हणाली. "दुसऱ्याला बी घालवू?" तिनं सुपातला खडा वेचून अंगणात टाकला. "दुसरी हाक कदी मारतोस म्हनून कान लावून बसले हुते. काल सकाळी ऐकली."

छात्रालय तिथून दोन तासांच्या उतारावर आहे. मी ते बोललो नाही. तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि चौदा वर्षांच्या पोरासारखा रडलो. ती एका हातानं माझं डोकं थोपटत होती. दुसरा हात तिनं जरा बाजूला, पायरीच्या मोकळ्या भागावर ठेवला होता आणि तोही तसाच थोपटत होता.

दुपारी निघालो तेव्हा पुन्हा धुकं उतरायला लागलं होतं. आई दारापर्यंत आली. तिनं बांधलेल्या भाकऱ्या पिशवीला जड लागत होत्या, एका माणसाला जास्तच होत्या.

"जपून जा रे दोगं," ती म्हणाली. "कड्याच्या बाजूनं जाव नका."

"व्हय आये," मी म्हणालो आणि डाव्या हाताला, वाटेच्या आतल्या बाजूला, थोडी जागा ठेवून चालू लागलो.